वाटीवर तिचं बोट नव्हतं

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कुठंच जाता येत नाही. बाहेर ४५ डिग्री, रस्ते ओस, घरात कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. आठवीची परीक्षा आटोपून आम्ही सहा जणी महालातल्या एका मैत्रिणीच्या माजघरात कॅरम बोर्डाभोवती बसलो होतो. बोर्डावर खडूनं गोलात काढलेली अक्षरं, मधोमध पालथी घातलेली स्टीलची वाटी, वाटीवर सहा बोटं. घरातली मोठी माणसं जेवून आडवी झाली होती. आमचं प्लँचेट चाललं होतं.

प्रश्न तिनं विचारला. ती म्हणजे आमची म्होरकी. "आपल्यातली कोण पाठीमागं बोलून राहिली?" वाटी थरथरली, जरा रेंगाळली आणि सरळ 'म'वर जाऊन थांबली. 'म'ची आमच्यात एकच होती. तिनं बोट उचललं, चपला घातल्या आणि त्या उन्हात एकटी सायकल काढून घरी गेली. तिला थांब म्हणायला आमच्यापैकी कोणी उठलं नाही.

यात नवल काही नाही. म्होरकीच्या मनातून ती उतरली होती आणि वाटी म्होरकीच्या मनासारखी सरकली. नवल पुढच्या वर्षीचं आहे. म्होरकीच्या वडिलांची बदलीची नोकरी. नववीचा निकाल लागला आणि त्यांचं बिऱ्हाड जबलपूरला गेलं. आम्ही रडलो, वहीत पत्ते लिहून घेतले, आणि खरं सांगते, त्या दिवशी परतताना सायकली जरा हलक्या चालल्या. मग मे महिन्यात पुन्हा तोच कॅरम, तीच वाटी. मधल्या काळात 'म'ची कट्टी सुटली होती, त्यामुळे तीही होती. पाच बोटं. कोणीतरी गंमत म्हणून तोच प्रश्न विचारला. वाटी थरथरली आणि 'म'वर जाऊन थांबली.

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. पण झपाटणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी पाहिलं. त्यामागचं शास्त्र वाचायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

वाटी कशी सरकते हे कोडं मायकेल फॅरडेनं १८५३ मध्येच सोडवून ठेवलं आहे. तेव्हा इंग्लंडात टेबलाभोवती हात ठेवून बसायचं आणि आत्म्यानं टेबल फिरवलं म्हणायचं खूळ माजलं होतं. विजेचे नियम शोधणाऱ्या या माणसानं टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर ठेवले, थरांमध्ये मऊ चिकट लुकण भरलं. टेबल आधी हललं असतं तर खालचे पुठ्ठे पुढं गेले असते. झालं उलटं. वरचे पुठ्ठे पुढं सरकलेले सापडले, म्हणजे आधी हात आणि मग टेबल. बसलेली माणसं लबाड नव्हती. आपण ढकलतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढं फॅरडेनं हाताचा दाब कुठल्या बाजूला पडतोय हे दाखवणारा एक काटा बसवला. काटा डोळ्यांसमोर आला की हात थबकायचे, आणि टेबलही.

म्हणजे अपेक्षित उत्तर मनात असलं की बोट ते मालकाला न विचारता ढकलतं. पहिल्या दुपारी तिनं ढकललं असेल, जाणून किंवा नकळत. दुसऱ्या दुपारी मात्र ती दुसऱ्याच राज्यात, जबलपूरला होती.

याचं उत्तर देणारा प्रयोग १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त धडकी भरवतो तो हाच. काळोख्या खोलीत दूरवर एक प्रकाशाचा ठिपका दाखवला तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो. डोळ्यांचा तो एक भ्रम आहे. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये दाखवून दिलं होतं की गटात बसलेली माणसं ठिपका किती हलला यावर आपोआप एकमत करून टाकतात. रॉबर्ट जेकब्स आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी त्यात एक भर घातली. एकटा बसलेला माणूस सांगायचा, ठिपका चारेक इंच हलला. यांनी गटात आपली पढवलेली माणसं बसवली आणि त्यांना पंधरा-सोळा इंच सांगायला लावलं. नवखा माणूसही चटकन त्या आकड्याच्या आसपास जाऊ लागला. मग पढवलेल्या माणसांना एकेक करून उठवलं आणि त्यांच्या जागी नवी, काही माहीत नसलेली माणसं आणली. पुढं त्यांनाही बदललं. खोलीत मूळ थाप मारणारं कोणी उरलं नाही, तरी फुगलेला आकडा चार-पाच पिढ्या टिकून राहिला आणि मग हळूहळू उतरला. शेवटीशेवटी ज्यांनी तो आकडा पुढं चालवला, त्यांनी मूळ माणसांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

आमच्यातल्या सगळ्यांनी म्होरकीचं तोंड पाहिलेलं होतं, तेव्हा आमची काय कथा.

तिचे नियम कुठं लिहिलेले नव्हते. मधल्या सुट्टीत डबा उघडायची सुरुवात तिनं करायची. कोणाच्या डब्यात सांबारवडी निघाली (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी), तर पहिला तुकडा तिचा. शाळा सुटली की तिची सायकल पुढं, आणि तिच्या उजवीकडे कोण हे रोज नव्यानं ठरायचं. कारभार सगळा त्या उजव्या जागेत होता. काल उजवीकडे असलेली आज मागच्या जोडीत का गेली, हे तिला कधी सांगितलं जायचं नाही. ती बिचारी रात्रभर आठवत बसायची, की आपण काय बोललो.

दहावीचा जून उजाडला तेव्हा आम्ही पाच जणी शाळेतून निघालो आणि पुढची जागा मोकळी ठेवून मागं जोड्या लावल्या. हसू नका. आठवडाभर पुढं कोणी सायकल घातली नाही. डबे कोणी आधी उघडायचे यावरून घुटमळायचो. "तिला नसतं चाललं" हे वाक्य तर आमच्यात पोस्टाच्या तिकिटासारखं वापरात होतं. ते चिकटवलं की कोणाचंही म्हणणं पोचायचं.

बदलीनं सुटका का झाली नाही, याचा एक धागा बी. एफ. स्किनरच्या कबुतरांपाशी जातो. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांचा १९५७ चा जाडजूड ग्रंथ आहे, बक्षीस कधी द्यायचं याच्या वेळापत्रकांवर. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी मिळेल, कधी नाही, असा बेभरवशाचा हिशेब असेल तर दाणा कायमचा बंद झाला तरी ते कितीतरी वेळ कळीवर चोच मारत राहतं. उजवीकडची जागा हा तसला दाणा होता. दररोज दुष्ट वागणारीला मुली कधीच सोडून गेल्या असत्या. ती तशी नव्हतीच. माझ्या आजीच्या आजारपणात ती रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायची, माझं गणित करून द्यायची. तेही खरं आहे, आणि ते खरं असणं हीच अडचण होती.

अशा छळाला फार वर्षं कोणी छळ म्हणत नव्हतं, कारण त्यात कोणी कोणाला मारत नाही. फिनलंडमधल्या कर्स्टी लागेरश्पेट्झ, काय ब्यर्कक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ११-१२ वर्षांच्या १६७ मुलामुलींचा अभ्यास छापला. त्यांची युक्ती साधी होती. तू रागावलास की काय करतोस, एवढंच त्यांनी मुलांना विचारलं नाही. वर्गातली अमुक रागावली की काय करते, हे बाकीच्यांनाही विचारलं. मग उत्तरं आली. पाठीमागं कंड्या पिकवते, तिच्याशी बोलू नका म्हणून सांगते, सूड म्हणून दुसरीशी मैत्री करते. अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये तिसरी ते सहावीच्या ४९१ मुलांमध्ये हेच तपासलं आणि मैत्रीलाच हत्यार करणारी ही आक्रमकता वेगळी नोंदवली. मराठी मुलींना त्याचं नाव शिकवायला नको. आम्ही त्याला कट्टी म्हणतो.

म्होरकीनं 'म'ला सर्वांत जोरात मारलं ते भुलाबाईत. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजीची मूर्ती मांडून घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. कोणाकडे कधी जायचं हे म्होरकीच्या हातात. नववीच्या त्या वर्षी आम्ही 'म'च्या घराच्या अलीकडे आणि पलीकडे गाणी म्हटली. तिच्या आईनं डबा भरून ठेवला होता, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण दारातून वास येत होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. "पोरींचं असंच असते बाई" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येतं. संशोधन त्याला दुजोरा देत नाही. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. मारामारीत मुलगे बरेच पुढं निघाले. पण या आडून करायच्या छळात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. मुलगेही हे सर्रास करतात, फक्त त्यांच्या बाबतीत आपलं लक्ष ठोशांकडे जातं. मुलींना मात्र ठोशांची मुभा आपण कधी दिलेलीच नसते.

दुसरा एक गैरसमज म्होरकीबद्दलचा. ती सगळ्यांची लाडकी असते असं वाटतं. 'वर्गात सर्वांत भाव कोणाला' आणि 'तुला मनापासून कोण आवडतं' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले की उत्तरंही वेगळी येतात, हे १९९८ पासूनच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. दबदबा एकीकडे, जीव दुसरीकडे. आमच्यात प्रत्येकीला वाटायचं की बाकीच्या चौघींना ती मनापासून आवडते, फक्त आपल्याच मनात पाप आहे. पाचही जणी तेच समजून गप्प. त्या गप्पपणावर तिचं राज्य ती गेल्यावरही चाललं.

आणि आमच्या वयाचाही यात वाटा होता. किप विल्यम्स नावाचा मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसला असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिसबी त्याच्याकडे आली. त्यानं ती परत फेकली, त्यांनी पुन्हा याच्याकडे फेकली, असे दोन-चार झेल झाले आणि मग ते दोघं याला विसरून आपापसात खेळू लागले. मोठा माणूस, पण त्याला ते इतकं लागलं की त्यातून त्यानं प्रयोगच उभा केला. संगणकावर तिघं चेंडू टाकतात, थोड्या वेळानं दोघं तिसऱ्याला चेंडू देणं बंद करतात. बस, एवढंच. नाओमी आयझेनबर्गर यांनी २००३ मध्ये हा खेळ मेंदूच्या स्कॅनमध्ये खेळवला, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला एक भाग वगळलेपणीही सक्रिय झालेला दिसला. त्याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, ते असोत. माझ्या विषयाला जवळचा आहे तो कॅथरीन सेबॅस्टियन आणि सेरा-जेन ब्लेकमोर यांचा २०१० चा अभ्यास. त्यांनी हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना दिला. चेंडू न मिळाल्यावर मुलींचं मन स्त्रियांपेक्षा जास्त खालावलं. चौदाव्या वर्षी उजवीकडची जागा जाणं हे घरच्यांना दिसतं त्याहून फार मोठं असतं. त्यात माणसाला उतारवयात सर्वांत जास्त आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्याच येतात, हेही स्मृतीच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे जखमही याच वयातली आणि फोटोही याच वयातले.

कॅनडाच्या मार्गारेट ॲटवूडची १९८८ ची 'कॅट्स आय' ही कादंबरी या एकाच गोष्टीवर उभी आहे. इलेन नावाची चित्रकार पन्नाशीकडे झुकताना आपल्या प्रदर्शनासाठी टोरांटोला परतते आणि रस्त्यारस्त्यावर लहानपणी तिला छळणाऱ्या कॉर्डेलिया या मैत्रिणीला शोधत राहते. कॉर्डेलिया येत नाही.

यासाठी नागपूरकराला टोरांटोपर्यंत जायची गरज नाही म्हणा. आमच्या गावानं एका वरचढ बाईची आठवण दीडेकशे वर्षं खांद्यावर वाहिली आहे. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी बाकाबाई १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूनं राहिली आणि १८५८ मध्ये वारली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी मारबत नावाचा जो पुतळा निघतो तो बाकाबाईच्या फितुरीचा, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पहिली काळी मारबत १८८१ ची. म्हणजे बाई गेल्यावर वीसेक वर्षांनी तिचा पुतळा उभा राहिला. तिला जहागिरी वाचवायची होती की आणखी काही, हा प्रश्न मिरवणुकीत कोणी विचारत नाही. इडापीडा, रोगराई, महागाई, सगळं घेऊन जा म्हणून लोक ओरडतात, पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात. आणि पुढच्या वर्षी नवा बांधायला घेतात, कारण तो बांधणं ही आता परंपरा आहे.

आम्हीही दहावीत म्होरकीला असंच जाळून पाहिलं. तिची पत्रं फाडली, तिचं नाव काढायचं नाही असा ठराव केला. त्यानं काय होतं, हे डॅनियल वेग्नरनं १९८७ मध्ये दाखवलं होतं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, एवढीच सूचना. घंट्या वाजतच राहिल्या. मग त्याच लोकांना अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटल्यावर, आधी दाबून धरलेल्यांच्या डोक्यात अस्वल सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. न काढलेल्या नावाचं तसंच होतं. मनाला ते नाव आत आलं का म्हणून सारखं दारावर उभं राहावं लागतं, आणि दारावर उभं राहण्यासाठी ते नाव सतत लक्षात ठेवावं लागतं.

आमची म्होरकी निदान जिवंत आहे. कोणाच्या तरी फोनमध्ये तिचा नातवंडांसकट फोटो आहे. अशी मुलगी अपघातानं, आजारानं किंवा आपल्या हातानं गेली तर मागं राहिलेल्यांची फारच कोंडी होते. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हा आपल्याकडचा संस्कार. शोकसभेत सगळे तिच्या हसतमुखपणाबद्दल बोलतात, आणि मागच्या बाकावर एखादी मुलगी स्वतःलाच घाबरून बसलेली असते, कारण बातमी ऐकून तिच्या मनात क्षणभर सुटल्याचा भाव येऊन गेलेला असतो. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाची मान्यता नसलेल्या दुःखावर पुस्तक संपादित केलं. या मुलीचं दुःख त्याच खात्यात पडतं. दुःख आहे, राग आहे, सुटका आहे, आणि यातलं फक्त पहिलंच बोलायची परवानगी आहे. माझ्या मते अशा वेळी शाळेनं मौन पाळण्याच्या दोन मिनिटांइतकाच वेळ बोलायलाही द्यावा.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या गेट-टुगेदरला 'म' भेटली. सीताबर्डीला चहा घेताना मी हा फॅरडे, तो प्रकाशाचा ठिपका, सगळं तिला सांगितलं. जरा मोकळं व्हावं म्हणून, आणि जरा माफी मागितल्यासारखंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्यावर माझा राग नाही गं. पहिल्या वेळी ती होती. दुसऱ्या वेळी तर तुम्हीच होत्या ना." मी काही बोलले नाही. चहा संपवून ती म्हणाली, "आणि पाचातलं एक बोट माझं होतं. मी पण ढकलली का गं ती वाटी?"

तुमच्या घरी नववी-दहावीतली मुलगी असेल आणि तिच्या गटातली अशी एखादी शाळा सोडून गेली असेल, तर "गेली ना आता, विसरून जा" म्हणायची घाई करू नका. मनावरचा भार फारच वाटला तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे. पण त्याआधी एका संध्याकाळी, भाजी निवडताना किंवा गाडीवर मागं बसवून आणताना, सहज विचारा, की आता मधल्या सुट्टीत कोणाजवळ कोण बसते, आणि ते कोण ठरवते. तिनं "आम्हीच" म्हटलं, तर पुढं विचारा, आम्ही म्हणजे कोण.